चारही बाजूंनी शिवलेली बॅग

मंगळवार
घरून, जेवणाच्या टेबलावरून

ताई,

आपली ओळख नाही. तुमच्या धाकट्या भावाशी माझं लग्न झालं तेव्हा तुम्ही घर सोडून गेलेल्या होतात. त्यामुळे नणंद म्हणजे काय असतं ते मी फक्त मैत्रिणींच्या तक्रारींतून ऐकलंय. तक्रारींचं मला वावडं नाही म्हणा. वीज कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसते मी. दिवसभर लोक माझ्यावर खेकसतात आणि मी गोड आवाजात ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ म्हणते. तेव्हा हे पत्र वाचून चिडावंसं वाटलं तर खुशाल चिडा.

मुद्द्याचं आधी सांगते. शनिवारी तुमच्या लग्नाला आम्ही तिघं येतोय असं तुमच्या भावाने कळवलं होतं. तिघं नाही, चौघं येतोय. तुमचा भाऊ, मी, आमची लेक टिकली आणि आई.

हो, आई. तुमची. हवं तर जरा बसून घ्या आणि मग पुढचं वाचा.

तुमचं आमंत्रण आलं तेव्हा ती दुकानात शिलाई मशीनवर होती. तुमच्या भावाने घाबरत घाबरत वाचून दाखवलं. तिने मान वर केली नाही, पाय थांबवला नाही, फक्त विचारलं, तिकडे थंडी असते का. तो म्हणाला, असते. झालं, विषय संपला. मग काही दिवसांनी भाजी निवडता निवडता मला म्हणाली, चौथं तिकीट काढ. मी तोंड उघडायच्या आत तिने खुलासाही करून टाकला, की तिला विमान बघायचंय. कुणाचं तोंड बघायला ती निघालेली नाही. सुंभ जळतो पण पीळ काही जात नाही, तुम्हाला मी काय सांगायचं.

तुमचं दोघींचं काय झालं ते मला तुमच्या भावाने सांगितलंय, तेही लग्नानंतर पुष्कळ दिवसांनी, आवाज खाली करून. दुकान तुमच्यासाठी ठेवलं होतं, कारण हात तुमचाच तिच्या तोडीचा. तुम्हाला नकाशे काढायला जायचं होतं, लांब. तुम्ही म्हणालात, या दुकानात माझा जीव गुदमरतो. आणि ती हातात कात्री घेऊन म्हणाली, ‘जा. पण हे दार ओलांडलंस की तुझं माप मी विसरले.’

दुसरी एखादी आई ‘तू मला मेलीस’ म्हणाली असती. ही शिंपीण. गिऱ्हाईक दारातून आत आलं की टेप न लावता माप सांगणारी, एकदा घेतलेलं माप जन्मभर न विसरणारी. तिने हे म्हणणं म्हणजे काय, ते मला दुकानात चार दिवस बसल्यावर कळलं.

मी या घरात आले तेव्हापासून तुमचं नाव कुणी घेत नाही. जेवताना बोलता बोलता एकदम सगळे गप्प होतात, आणि मला कळतं की गोष्ट तुमच्यापाशी येऊन ठेपली. टिकलीने परवा विचारलं, सगळ्यांना आत्या असते तर मला का नाही. मला कंटाळा आलाय या गप्प बसण्याचा. शनिवारी तुमच्या लग्नाआधी ही बाई तुमच्या दारात उभी केलेली मला बघायचीय. त्यापुढे तुम्ही दोघी भांडा, रडा, काय वाटेल ते करा. एकच विनवणी आहे, मधे फोन करू नका. ती अजून कुठूनही माघारी फिरू शकते.

बाकी तयारी जोरात. आईने सगळ्या मोठ्या बॅगांना सोफ्याच्या उरलेल्या हिरव्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची कव्हरं शिवलीत. आणि कव्हर घालून झाल्यावर तोंडंही हाताने शिवून टाकलीत, मेणदोऱ्याने. चेन नाही, कुलूप नाही. कुलूप कुणीही फोडतं, तिचा टाका कुणाच्या बापाला तुटत नाही, असं तिचं म्हणणं. तिच्या स्वतःच्या बॅगेला तर तिने आम्हाला हात लावू दिला नाही. आत काय आहे विचारलं तर म्हणते, माझी इस्त्री.

तुमची (न पाहिलेली) वहिनी

गुरुवार
विमानात, अजून जमिनीवरच

ताई,

तुमचं उत्तर ईमेलवर मिळालं. ‘येऊ दे तिला. पण मी दारात वाट बघत उभी राहणार नाही.’ ठीक आहे. नका उभ्या राहू. बेल वाजवता येते आम्हाला.

आता आजचा पराक्रम ऐका. बॅगा दिल्या, त्यांना त्या लांबट कागदी पट्ट्या लागल्या, आम्ही हुश्श केलं, तोच आमच्या नावाचा पुकारा. आईच्या बॅगेत यंत्राला काहीतरी संशयास्पद, लोखंडी दिसलं होतं. इस्त्री! ती खरंच इस्त्री घेऊन निघाली होती. मला वाटलं होतं, थापा मारतेय.

एका छोट्या खोलीत बॅग टेबलावर ठेवलेली आणि दोन अधिकारी तिच्याभोवती फिरतायत. वरून बघितलं, खालून बघितलं. उघडायची कुठून? त्यातल्या एकाने ब्लेड काढलं. आईने त्याचा हात धरला. मला वाटलं, आता काही खरं नाही, हातकडीच.

‘कापायचं नाही,’ ती म्हणाली. ‘कापलं की संपलं. उसवलं तर परत शिवता येतं.’

आणि पदराची सेफ्टी पिन काढून ती टाके उसवत बसली. एकेक. अधिकारी खुर्ची घेऊन शेजारी बसला, दुसऱ्याने घड्याळाकडे बघणं सोडून दिलं. बॅग उघडायच्या वेळी तिने आम्हाला तोंडं फिरवायला लावली. तुमचा भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. मागे काय दिसलं कोण जाणे, पण अधिकारी एकदम अदबीने बोलायला लागला. आईने सगळं पुन्हा होतं तसं शिवलं. एक दोरा बाहेर नाही. ती कागदी पट्टीसुद्धा तिने नीट दुमडून कव्हरच्या आत घेतली. लोंबणारं काही तिला बघवत नाही. अधिकाऱ्याने उशीर झाला म्हणून बॅग स्वतः उचलून विमानाच्या गाडीवर टाकली. आम्ही धावत सुटलो.

विमानात बसलो. पट्टे बांधले. आणि तुमच्या भावाने कान टवकारले.

तो लिफ्टचा मेकॅनिक आहे हे तुम्हाला माहीत असेलच, पण त्या धंद्याने माणसाचं काय होतं ते माहीत नसेल. त्याला कुठलाही आवाज ऐकवत नाही. आमचा फ्रिज तो स्टेथोस्कोप लावल्यासारखा तपासतो. तर तो म्हणाला, वरून घरघर येतेय. मी म्हटलं, येऊ दे. तो म्हणाला, लिफ्टमध्ये असा आवाज आला तर मी माणसं खाली उतरवतो. हे त्याने जरा मोठ्याने म्हटलं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी ऐकलं. त्यांनी नवऱ्याला सांगितलं. बघता बघता निम्म्या विमानाला घरघर ऐकू यायला लागली. एअर होस्टेस आली, तिलाही ऐकू आली. मग इंजिनिअर आला, टॉर्च घेऊन. विमान जागच्या जागी.

इंजिनिअरने भिंतीला कान लावला, छताला कान लावला. शेवटी वरच्या कप्प्यातलं सामान काढायला लागला. एकेक बॅग बाहेर, आणि आवाज निळ्या बॅगेबरोबर खाली आला. त्याने ती वर धरून विचारलं, ही कुणाची?

ताई, ती आमची होती. आत तुमच्या भावाचं दाढीचं यंत्र आपोआप चालू होऊन घरघरत होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, आम्ही तर गावालाही कळसा शोधायला लावला. तुमच्या भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. लोक टाळ्या वाजवत होते, काही शिव्याही देत होते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. आई हसली. मी तिला इतक्या वर्षांत हसताना ऐकलेलं नाही, गालातल्या गालात सोडून. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, ‘ती असती तर तिने आधी याची बॅग झाडली असती.’

कोण ती, हे कुणी विचारलं नाही. तुमचा भाऊ माझ्याकडे बघत राहिला. त्या एका वाक्यासाठी मी विमानातल्या सगळ्या माणसांच्या शिव्या खायला तयार आहे.

आता विमान हलतंय. पुढचं विमान गाठायला वेळ कमी उरलाय, पण माझा जीव हलका आहे.

वहिनी

शुक्रवार
मधल्या विमानतळावर, चहाच्या टेबलापाशी

ताई,

दुसरं विमान चुकलं. घाबरू नका. उद्या सकाळी तुमच्याकडे उतरणारं विमान मिळालंय, तुमचं लग्न दुपारी आहे. पोचतो.

म्हणजे पोचू, असं वाटत होतं. विमान चुकल्यामुळे बॅगा इथेच परत दिल्या. सामानाच्या फिरत्या पट्ट्यावरून हिरव्या पट्ट्यांच्या बॅगा आल्या, एक तुमच्या भावाची, एक माझी, एक टिकलीची. आईची आली नाही. पट्टा रिकामा फिरत राहिला, मग बंद झाला. दुष्काळात तेरावा महिना.

आई जाऊन त्या थांबलेल्या पट्ट्याच्या कडेवर बसली. म्हणाली, बॅग आल्याशिवाय मी इथून हलणार नाही. तुमचा भाऊ म्हणाला, आई, नवी इस्त्री घेऊ. तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे गेला. मी समजावलं, टिकलीने गळ्यात हात टाकले. काही नाही. ‘तुम्ही जा लग्नाला. रिकाम्या हाताने मी तिच्या दारात जाणार नाही.’

एवढं बोलली आणि मला कळलं की बॅगेत इस्त्री सोडून आणखी काहीतरी आहे. इतक्या जवळ येऊन ही बाई इथेच बसून राहणार. ताई, हे मला चालणार नव्हतं.

मी हरवलेल्या सामानाच्या काउंटरवर गेले. तिथल्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाली, आपली तक्रार नोंदवली आहे.

मी हसायलाच लागले. माझंच वाक्य! त्या वाक्याच्या पलीकडे काय असतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? काहीही नसतं. कुणीतरी खुर्चीवरून उठेपर्यंत काहीच नसतं. मी तिला म्हटलं, बाई गं, मीही हेच काम करते, तुझ्यावर राग नाही. फक्त एवढं सांग, ज्या बॅगा कुणाच्याच नसतात त्या कुठे ठेवता? ती विचारात पडली. मग म्हणाली, ज्यांची पट्टी गळून पडते त्यांना तळघरात एक खोली आहे.

पट्टी हा शब्द ऐकताच, कधीतरी उठून माझ्या मागे येऊन उभी राहिलेली आई हळूच म्हणाली, ‘ती कागदी पट्टी कामाची असते का?’

आमच्या बाकीच्या बॅगांना पट्ट्या लोंबत होत्या. तिच्या बॅगेची तिने स्वतःच्या हाताने कव्हरच्या आत शिवून टाकली होती. अधिकाऱ्याने हाताने चढवली म्हणून ती पहिल्या विमानात आली, पण पुढे तिला कोण ओळखणार? तुमच्या भावाला बोलायचा पूर्ण हक्क होता, दाढीच्या यंत्रानंतर तर होताच. पण हसू दाबताना त्याचे फक्त खांदे हलत होते. आईने त्याला एक चापटी मारली आणि मग तीही हसली.

आणि बघा, तुमच्या भावाने विमान अडवलं नसतं तर आम्ही वेळेवर पुढे उडालो असतो आणि बॅग इथे तळघरात कायमची पडून राहिली असती. मी हे त्याला सांगितल्यापासून तो छाती काढून चालतोय.

खोलीत गेलो. ढिगाच्या कडेला हिरव्या पट्ट्यांची आमची बॅग, आणि तिच्यावर बसून एक कामगार डबा खात होता. म्हणाला, ही कुठूनच उघडत नाही, म्हणून आम्ही बसायला घेतली. आई म्हणाली, ज्या बॅगेला तोंडच नाही ती माझी. त्याने डबा बाजूला ठेवला आणि नियमाप्रमाणे विचारलं, आत काय आहे ते सांगा, त्याशिवाय देता येत नाही.

तिने सांगितलं. मी ऐकलं. पण तिने मला तुमची शपथ घातलीय, म्हणून आत्ता लिहीत नाही. कामगाराने बॅग उघडायला लावली नाही, स्वतः उचलून काउंटरपर्यंत आणली.

आता आई खुर्चीत बसल्या बसल्या झोपलीय, बॅगेवर पाय ठेवून. पट्टी बाहेर लोंबतेय. मी स्वतः बघितलंय.

उद्या सकाळी येतो. दारात उभ्या राहू नका हं.

वहिनी

गुरुवार
परतीच्या वाटेवर, तुझ्या शहराच्या विमानतळावर

ताई,

निघताना तू म्हणालीस, आता ‘तुम्ही’ म्हणशील तर पत्राचं उत्तर देणार नाही. म्हणून ‘तू’.

तुझं लग्न झालं, पोटभर झालं. रोपवाटिकेवाले दाजी मला मनापासून आवडले. पण तुला माहीत नसलेल्या दोन गोष्टी माझ्यापाशी राहिल्यात, त्या लिहून टाकते. शपथ आता सुटली.

पहिली तळघरातली. कामगाराने विचारलं, आत काय आहे. आई म्हणाली, ‘माझ्या मुलीचं माप आहे. विसरले म्हणाले होते, ते.’

दुसरी तुझ्या इमारतीच्या फाटकाबाहेरची. तू दार उघडलंस तेव्हा तुला ती ताठ उभी दिसली. त्याआधी ती फाटकाशी थांबली होती. कडी उघडेना. मला वाटलं, आला जुना राग वर. मी मनात म्हटलं, आता उचलून आत नेते हिला. तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘चुकलं असेल तर?’ मी विचारलं, काय चुकलं असेल. म्हणाली, ‘माप.’

ताई, इतकी वर्षं आपण समजत होतो की तिचा राग गेलेला नाही. ती घाबरलेली होती. बोलून बसली आणि मग खरंच विसरले तर काय, या भीतीने ती जगली. कडी मी उघडली, एवढंच माझं कर्तृत्व.

पुढचं तू स्वतः अनुभवलंस, पण मी खोलीच्या कोपऱ्यातून काय बघितलं ते मला लिहू दे. तिने पिनेने बॅग उसवली आणि तो कोट काढला. पिकलेल्या जांभळाच्या रंगाचा, लांब, आत रेशमी अस्तर. आमच्यापैकी कुणालाही तो शिवताना दिसला नव्हता, कधी शिवला कोण जाणे. तू हात घातलेस. खांदे नेमके बसले. बाह्या मनगटावर नेमक्या संपल्या. आणि मग पुढचं बटण काजापर्यंत पोचेना. तू पोट आत घेतलंस, तरी पोचेना.

तू म्हणालीस, ‘विसरलीसच ना.’ हसत म्हणालीस, पण तुझा आवाज फाटला.

आईने कोट तुझ्या अंगातून काढला, उलटा केला, अस्तर उचललं आणि शिवण तुझ्यासमोर धरली. आत बोटं बुडतील एवढं कापड दुमडून ठेवलेलं होतं, दोन्ही कडांना, पाठीलाही.

‘तू गेलीस तेव्हाचं माप मला तोंडपाठ आहे. पण त्यानंतर किती वाढलीस, ते मला कोण सांगणार? म्हणून ठेवता येईल तेवढं ठेवलं.’

मी तेवढं ऐकून खोलीबाहेर गेले, कारण मला हुंदका आवरेना. तुम्ही दोघी पलंगावर बसलात, एका बाजूची शिवण तिने उसवली, दुसऱ्या बाजूची तू. सुई तुझ्या हातात बघून तिचा हात क्षणभर थांबला होता, ते तू बघितलंस का? मी दाराच्या फटीतून बघितलं. दाजी नखांत माती घेऊन इस्त्रीची वायर धरून उभे होते. लग्न नोंदवणारे साहेब तिकडे खोळंबलेले, पाहुण्यांचे फोनवर फोन. फोन मी घेत होते. एकेकाला गोड आवाजात सांगत होते, आपली तक्रार नोंदवली आहे. आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य म्हणताना मला मजा आली.

तू उशिरा पोचलीस आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं. कोटाचं बटण असं बसलं होतं की जणू तू त्यातच जन्मलीस. आई पहिल्या रांगेत बसली होती आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती, माझी मुलगी, डावी शिवण तिची स्वतःची आहे, बघा, माझ्यापेक्षा सरळ.

तुमच्या घरातले हे चार दिवस मी काही लिहीत बसत नाही. टिकलीला आत्या मिळाली, तिला तू आता फोनवरूनसुद्धा पुरणार नाहीस. तुझ्या भावाने तुमच्या इमारतीची लिफ्ट फुकटात दुरुस्त केली आणि तिच्या घरघरीने रात्री तो झोपला नव्हता हे आता तरी मान्य कर. आणि काल सकाळी तू आईकडे तिचा जुना टेप मागितलास आणि म्हणालीस, आई, हात वर कर. ती कावरीबावरी झाली. गावभराची मापं घेतली तिने, तिचं माप आजवर कुणी घेतलं नव्हतं. टेप पाठीमागून फिरवताना तुला तिला मिठीच मारावी लागली. तू मारलीस आणि टेप खाली पडला तरी सोडली नाहीस.

म्हणजे आता तू काहीतरी शिवणार आणि ते द्यायला तुला घरी यावं लागणार. मी काही बोलत नाही. मी फक्त खोली झाडून ठेवते.

आत्ता आम्ही सिक्युरिटी ओलांडून आत आलो. आईच्या बॅगेला कव्हर आहे, पण तोंड मोकळं आहे, तिने तिथे बटणं लावलीत. दाढीचं यंत्र मी ताब्यात घेतलंय. तपासणीच्या बाईने आईला हात पसरून उभं राहायला सांगितलं आणि खांद्यांपासून खाली चाचपायला लागली. आपण सगळे त्यावेळी वैतागतो. आई मात्र मान ताठ करून, हसत उभी राहिली.

‘घ्या, घ्या,’ ती त्या बाईला म्हणाली. ‘पण तुमचा उशीर झाला. माझं माप कालच माझ्या लेकीने घेतलंय.’

तुझी
वहिनी